फ्रॉइडच्या आयुष्यातील कोकेनपर्व

भारतीय भाषांतील साहित्यविचाराला सिग्मंड फ्रॉइडचा परिचय आहे तो अबोध मन, स्वप्नांतील प्रतीके आणि दडपलेल्या इच्छा यांच्या संदर्भात. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. पुढील काही दशकांत मराठीसह अनेक भाषांच्या कथा-कादंबरी समीक्षेत मनोविश्लेषणाची परिभाषा रुळून गेली. हा परिचय बहुधा स्वप्नमीमांसेच्या ग्रंथापासून, म्हणजे १९०० या सालापासून सुरू होतो. त्यापूर्वी सोळा वर्षे हाच मनुष्य व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील एक निर्धन आणि अपरिचित डॉक्टर होता. मॉर्फीनच्या व्यसनात रुतलेल्या आपल्या मित्राला एका वनस्पतीतून काढलेल्या द्रव्याच्या साह्याने सोडवण्याची त्याची खटपट चालली होती. ती खटपट फसली. तिचे मोल त्या मित्राने दिले. फ्रॉइडने त्या प्रसंगाविषयी पुढे वेळोवेळी जे लिहिले आणि जे लिहिण्याचे टाळले, त्यात मात्र त्याच्या उत्तरायुष्यातील विचाराची एक वाट दडलेली आहे.

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोरेव्हियातील फ्रायबर्ग या लहानशा गावी झाला. वडील याकोब लोकरीचे व्यापारी होते. धंदा बसल्यावर हे ज्यू कुटुंब प्रथम लाइपझिगला आणि १८६० मध्ये व्हिएन्नाला आले. मुलगा बुद्धिमान निघाला आणि कुटुंबाच्या साऱ्या आशा त्याच्यावर केंद्रित झाल्या. १८७३ मध्ये त्याने विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत प्रवेश घेतला, परंतु रोग्यांपेक्षा सूक्ष्मदर्शकाची ओढ त्याला अधिक होती. १८७६ पासून सहा वर्षे तो प्रा. एर्न्स्ट ब्र्युके यांच्या शरीरक्रियाविज्ञान संस्थेत मज्जातंतूंचे संशोधन करीत राहिला. वैद्यकाची पदवी त्याने घेतली ती १८८१ मध्ये, म्हणजे सर्वसाधारण विद्यार्थ्यापेक्षा बरीच उशिरा.

ब्र्युके यांच्या त्या प्रयोगशाळेत एर्न्स्ट फोन फ्लाइश्ल-मार्क्सो हा तरुण सहायक होता. तो फ्रॉइडपेक्षा दहा वर्षांनी मोठा, संपन्न घराण्यातला, देखणा, संभाषणचतुर आणि विलक्षण बुद्धीचा. प्राण्यांच्या मेंदूत विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतात हे त्याने प्रयोगाने पाहिले होते. १८८३ मध्ये त्याने आपली निरीक्षणे एका मोहोरबंद पाकिटात घालून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवली, आणि दुसऱ्या एका संशोधकाने तोच शोध प्रसिद्ध केल्यावर १८९० मध्ये ते पाकीट उघडण्यात आले. फ्रॉइडला तो आदर्श पुरुष वाटे. अडचणीच्या दिवसांत फ्लाइश्लने त्याला पैशाचीही मदत केली होती.

परंतु या माणसाच्या आयुष्याला एक कीड लागलेली होती. वयाच्या पंचविशीत शवविच्छेदनाचे काम करीत असता त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला जखम झाली, तीत विष भिनले आणि जीव वाचवण्यासाठी अंगठा कापावा लागला. तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांशी पुन्हा पुन्हा गाठी धरू लागल्या. बिलरोटसारख्या विख्यात शस्त्रवैद्याने अनेकदा शस्त्रक्रिया केल्या, तरी वेदना थांबल्या नाहीत. रात्री झोप येईना. जागरणाच्या त्या रात्री फ्लाइश्ल गणित आणि पदार्थविज्ञान यांचा अभ्यास करी, आणि त्यांतही मन रमेनासे झाले तेव्हा त्याने संस्कृत शिकावयास घेतले. वेदनेशी झुंजणाऱ्या युरोपीय शास्त्रज्ञाने रात्र काढण्यासाठी आपल्या भाषेचा आधार शोधावा, ही गोष्ट भारतीय वाचकाला सहज विसरता येण्यासारखी नाही. पण ग्रंथ पुरे पडले नाहीत. त्याने मॉर्फीन घेण्यास आरंभ केला आणि काही काळाने मॉर्फीनवाचून जगणे त्याला अशक्य झाले.

मॉर्फीनचे व्यसन ही त्या काळच्या युरोपीय वैद्यकाची नवी डोकेदुखी होती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अफूतून मॉर्फीन वेगळे काढण्यात आले. शतकाच्या मध्यास त्वचेखाली औषध टोचण्याची पिचकारी प्रचारात आली. या दोहोंच्या संयोगातून, डॉक्टरांच्या हातूनच, व्यसनी रोग्यांचा एक वर्ग निर्माण झाला. १८७७ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ट लेव्हिनश्टाइन यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा उपाय रोग्याला कोंडून ठेवून मॉर्फीन एकदम तोडण्याचा होता. उलट्या, अतिसार, थरकाप, भ्रम आणि कधी हृदय बंद पडण्याचा धोका, एवढ्या दिव्यातून जाऊनही पुष्कळ रोगी पुन्हा मूळ मार्गावर येत. तोडण्याचा हा काळ सुसह्य करील असे एखादे द्रव्य सापडले तर रोग्यांवर उपकार होणार होते, आणि ते सापडवणाऱ्याला कीर्ती मिळणार होती.

कीर्तीची निकड फ्रॉइडला खरोखरच होती. जून १८८२ मध्ये मार्था बेर्नाइस हिच्याशी त्याचा वाङ्‌निश्चय झाला. संशोधनावर संसार चालणार नाही, वैद्यकीय व्यवसाय धरावा, असा वडीलकीचा सल्ला ब्र्युके यांनी त्याला दिला आणि तो रुग्णालयात दाखल झाला. मार्थाचे कुटुंब हॅम्बुर्गजवळच्या वाण्ड्सबेक येथे राहावयास गेले. लग्नाला पैसा हवा, पैशासाठी नाव हवे, आणि नावासाठी एखादा शोध हवा, अशी ही साखळी होती. त्या वियोगाच्या वर्षांत त्याने मार्थाला शेकड्यांनी पत्रे लिहिली. कोकेनपर्वाची हकिगत आज तपशिलाने सांगता येते ती मुख्यतः या पत्रांमुळे.

कोकाचे झुडूप दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर वाढते. तेथील लोक शतकानुशतके त्याची पाने चुन्यासारख्या क्षारद्रव्याबरोबर चघळत आले आहेत. ऑस्ट्रियाच्या नोव्हारा या जहाजाने १८५७ ते १८५९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्या मोहिमेतील कार्ल शेर्झर यांनी ही पाने मोठ्या प्रमाणात युरोपात आणली. त्यांतून गॉटिंगेन येथे आल्बेर्ट नीमन या तरुण रसायनज्ञाने १८६० मध्ये शुद्ध अल्कलॉइड वेगळे केले आणि त्याला कोकेन हे नाव दिले. त्यानंतर वीसएक वर्षे या द्रव्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. १८८३ मध्ये थेओडोर आशेनब्रान्ट या लष्करी डॉक्टराने बव्हेरियन सैनिकांना कोकेन देऊन त्यांचा थकवा कसा दूर होतो याचे टिपण प्रसिद्ध केले. ते फ्रॉइडच्या वाचनात आले. अमेरिकेतील डेट्रॉइट येथून निघणाऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात अफूचे व्यसन कोकाने सुटल्याची वृत्ते येत होती, तीही त्याने वाचली. हे नियतकालिक कोकाची औषधे बनवणाऱ्या एका व्यापारी पेढीशी संबंधित होते. त्यामुळे तेथील वृत्ते कितपत निःपक्ष मानावीत हा प्रश्न उपस्थित होणे साहजिक होते. तो त्या वेळी फ्रॉइडच्या मनाला शिवल्याचे दिसत नाही.

एप्रिल १८८४ मध्ये त्याने डार्मश्टाटच्या मेर्क या कारखान्यातून कोकेन मागवले. किंमत त्याच्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाली, तरी त्याने ते घेतले. एप्रिलच्या अखेरीस त्याने एक विसांश ग्रॅम स्वतः पाण्यातून घेऊन पाहिले. उदासी गेली, भूक शमली, अंगात काम करण्याची उमेद आली, आणि पुन्हा घ्यावे अशी आसक्ती मात्र वाटली नाही. स्वतःच्या शरीराने दिलेली ही साक्ष त्याने सर्वांसाठी प्रमाण मानली. मार्थाला बळ यावे म्हणून तिलाही त्याने थोडे कोकेन पाठवले. ओळखीच्या डॉक्टरांना दिले, घरच्यांना दिले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते फ्लाइश्लला मिळाले.

पहिल्या दिवसांचा परिणाम थक्क करणारा होता. मॉर्फीन थांबले आणि तोडण्याच्या यातना कोकेनने सौम्य झाल्या. परंतु हा आनंद आठवडाभरही टिकला नाही. अंगठ्याची मूळ वेदना होती तेथेच होती. एके दिवशी मित्र दार ठोठावत राहिले, आतून उत्तर येईना. आत जाऊन पाहतात तो फ्लाइश्ल वेदनेने जवळजवळ बेशुद्ध होऊन जमिनीवर पडलेला. त्यानंतर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि मॉर्फीनही पुन्हा आले. फरक इतकाच की आता मॉर्फीनच्या जोडीला कोकेन होते.

हे सारे घडत असतानाच फ्रॉइडने आपला निबंध पुरा केला. ‘कोकाविषयी’ या नावाने तो जुलै १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाङ्मय म्हणून पाहिले तर तो फ्रॉइडच्या आरंभीच्या लेखनातील एक चित्तवेधक निबंध आहे. झुडुपाचे वर्णन, सूर्यपुत्र मांको कापाकने इंकांना दिलेल्या या दैवी देणगीची आख्यायिका, स्पॅनिश विजेत्यांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी प्रथम केलेला तिरस्कार व नंतर खाणींतील मजुरांचे श्रम वाढवण्यासाठी केलेला तिचा उपयोग, त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोग, स्वानुभव आणि अखेरीस उपचारांची यादी, अशी त्याची रचना आहे. औषधशास्त्रीय लेखात सहसा न आढळणारी एक ऊब या गद्यात आहे. लेखक आपल्या विषयाच्या प्रेमात पडला आहे हे ओळीओळीतून जाणवते. मॉर्फीनविषयीचे त्याचे प्रतिपादन असे होते की, कोकेन हे मॉर्फीनची जागा घेणारे दुसरे व्यसन नव्हे, ते मॉर्फीनच्या थेट विरोधी कार्य करणारे द्रव्य आहे. म्हणून मॉर्फीन सुटले की काही दिवसांत कोकेनही सोडता येते. या विधानाला आधार होता तो अमेरिकेतील वृत्तांचा आणि पहिल्या काही दिवसांपुरत्या अनुभवाचा.

निबंधाच्या शेवटी शेवटी कोकेनच्या एका गुणाचा ओझरता उल्लेख आहे. त्वचेला आणि अंतस्त्वचेला ते बधिर करते, तेव्हा या गुणाचे पुढे आणखी उपयोग निघावेत, एवढेच सुचवून फ्रॉइड सप्टेंबरात मार्थाला भेटावयास गेला. त्याच रुग्णालयातील त्याचा सहकारी कार्ल कोलर याने हे सूत्र उचलले, प्रथम प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यांवर प्रयोग केले, आणि १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडलबर्गच्या नेत्रवैद्य परिषदेत त्याचा शोध मांडण्यात आला. प्रवासखर्चाला पैसे नसल्याने कोलर स्वतः तेथे जाऊ शकला नाही. निबंध दुसऱ्याने वाचला. स्थानिक बधिरीकरणाच्या युगाचा आरंभ येथून झाला. पुढच्या वसंतात फ्रॉइडच्या वडिलांच्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती नेत्रवैद्य लेओपोल्ड क्योनिगश्टाइन यांनी केली, कोकेन कोलरने दिले आणि फ्रॉइड मदतीला उभा होता. कोकेनचा खरा उपयोग त्याच्या समोर पार पडत होता. तो दुसऱ्याच्या नावावर जमा होणार होता आणि आपल्या नावावर दुसरेच काही लागणार आहे हे त्याला अद्याप उमगले नव्हते.

१८८५ या वर्षाचा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. जानेवारीत फ्रॉइडने कोकेनमुळे स्नायूंचे बळ आणि प्रतिक्रियेचा वेग कसा बदलतो याच्या मोजमापांचा एक लेख प्रसिद्ध केला. मार्चमध्ये त्याने वैद्यकीय मंडळींपुढे एक व्याख्यान दिले. त्यात मॉर्फीन तोडण्यासाठी ०.०३ ते ०.०५ ग्रॅम कोकेन त्वचेखाली टोचावे, मात्रा वाढण्याची भीती बाळगू नये, असा निःसंदिग्ध सल्ला होता. एप्रिलमध्ये त्याने गेल्या चौदा वर्षांची आपली टिपणे, पत्रव्यवहार आणि हस्तलिखिते जाळून टाकली. भावी चरित्रकारांची अडचण व्हावी ही कल्पना त्याला सुखावत होती. त्याच वसंतात तो रात्रीच्या रात्री फ्लाइश्लच्या उशाशी बसून काढीत होता. फ्लाइश्ल आता टोचून कोकेन घेऊ लागला होता. तीन महिन्यांत त्याने १८०० मार्क केवळ कोकेनवर खर्च केले. दिवसाला एक ग्रॅम असे ते प्रमाण होते, फ्रॉइड स्वतः घेई त्याच्या सुमारे शंभर पट. जूनच्या प्रारंभी त्याला अंगावर पांढरे साप सरपटत असल्याचा भास होऊ लागला. मित्र आता सहा महिनेही काढणार नाही, असे फ्रॉइडला वाटले. आणि ऑगस्टमध्ये मार्चचे ते व्याख्यान छापून आले, टोचण्याच्या सल्ल्यासह.

जूनमध्ये जे डोळ्यांनी पाहिले ते ऑगस्टच्या छापील पानावर कोठेच नाही. यास बुद्धिपुरस्सर असत्य म्हणावे की इच्छेने आणलेले अंधत्व, याचा निर्णय करणे कठीण आहे. एवढे मात्र खरे की, एका रोग्याच्या पहिल्या आठवड्यावर उभारलेला सिद्धांत त्याच रोग्याच्या पुढील वर्षाने पाडला होता, आणि लेखकाने ते कागदावर येऊ दिले नाही.

टीका व्हावयास उशीर लागला नाही. जर्मनीतील व्यसनविकारांचे जाणकार अल्ब्रेख्ट एर्लेनमायर यांनी कोकेनचे दुष्परिणाम त्याच सुमारास दाखवून दिले, आणि मद्य व मॉर्फीन यांच्या पाठोपाठ मानवजातीवर आलेले हे तिसरे संकट होय, असे कठोर विधान केले. १८८७ मध्ये फ्रॉइडने कोकेनचे व्यसन आणि कोकेनची भीती या विषयावरील एका लेखात उत्तर दिले. त्यात कोकेनला बळी पडलेले सारे लोक आधीपासूनच मॉर्फीनचे व्यसनी होते, तेव्हा दोष द्रव्याचा नसून त्या प्रकृतीचा आहे, असा बचाव आहे. आणि टोचण्याची पद्धती सोडून द्यावी असेही म्हटले आहे. दोन वर्षांपूर्वी हीच पद्धती आपण निःशंकपणे पुरस्कारली होती, ही कबुली मात्र नाही. ज्यांना कोकेनचा धोका सर्वांत अधिक, त्यांनाच ते औषध म्हणून देण्याची शिफारस झाली होती, हा त्या बचावातूनच निघणारा निष्कर्षही त्याने काढला नाही.

आजच्या शास्त्रीय ज्ञानाच्या प्रकाशात फ्रॉइडची चूक कोठे होती हे स्पष्ट सांगता येते. मॉर्फीन शरीरातील ज्या ग्राहकांशी जोडले जाते ते ग्राहक १९७३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. कोकेनचा त्यांच्याशी संबंध नाही. मज्जापेशींनी सोडलेली डोपामीन, नॉरअॅड्रेनॅलीन यांसारखी द्रव्ये परत शोषली जाण्यास ते अडथळा करते. त्यातून क्षणिक उत्साह आणि बळ यांचा अनुभव येतो. त्याने थकवा आणि विषाद झाकले जातात, मॉर्फीनची गरज नाहीशी होत नाही. मॉर्फीनला खरोखर विरोध करणारी नॅलट्रेक्सोनसारखी औषधे पुढे सापडली, ती अफूतीलच थेबेन या अल्कलॉइडपासून तयार केली जातात. आज उपचारात रूढ असलेले ब्यूप्रेनॉर्फीनही थेबेनपासूनच बनते, तर १९६५ पासून न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठा पावलेले मेथाडोन हे कृत्रिम द्रव्य आहे. व्यसन एका फटक्यात तोडण्यापेक्षा नियंत्रित मात्रेत तत्सदृश औषध दीर्घकाळ देणे अधिक जीव वाचवते, असा या औषधांचा अनुभव आहे. फ्रॉइडला जो पर्याय नको होता, एका द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य, तोच असा उपकारक ठरला.

तरीही वनस्पतीतून एखादे मुक्तिदायक द्रव्य मिळेल ही आशा मावळलेली नाही. मध्य आफ्रिकेतील गॅबन देशात ब्विती पंथाच्या दीक्षाविधीत इबोगा या झुडुपाच्या मुळाची साल सेवन केली जाते. तिच्यातील इबोगाइन हे अल्कलॉइड १९०१ मध्ये वेगळे करण्यात आले. १९६२ मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ या न्यूयॉर्कच्या हेरॉइनव्यसनी तरुणाने ते केवळ कुतूहलापोटी घेतले, आणि हेरॉइनची ओढ नाहीशी झाल्याचे त्याला आढळले. १९८५ मध्ये त्याने या उपयोगाचे अमेरिकन पेटंट मिळवले. परंतु इबोगाइन हृदयाची लय बिघडवते आणि त्याच्या सेवनानंतर मृत्यू घडले आहेत, त्यामुळे अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. २०२५ मध्ये टेक्सास राज्याने त्याच्या चाचण्यांसाठी पाच कोटी डॉलर देण्याचा कायदा केला. स्वतःवर केलेला प्रयोग, चकित करणारी पहिली फलश्रुती आणि तीमागोमाग उभा राहणारा धोका, हा क्रम फ्रॉइडच्या कथेतलाच आहे. या वेळी त्याला जोड हवी ती दीर्घ आणि निर्मम निरीक्षणाची. फ्रॉइडपाशी तेवढीच नव्हती.

ऑक्टोबर १८८५ मध्ये फ्रॉइड प्रवासवृत्ती घेऊन पॅरिसला शार्को यांच्याकडे गेला आणि त्याच्या जीवनाने वेगळे वळण घेतले. पुढच्या वर्षी विवाह झाला, व्यवसाय सुरू झाला, उन्मादाच्या रोग्यांकडे त्याचे लक्ष वेधले. फ्लाइश्ल सहा महिन्यांत गेला नाही. मॉर्फीन आणि कोकेन या दोघांच्या कचाट्यात तो आणखी सहा वर्षे झिजत राहिला आणि ऑक्टोबर १८९१ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने देह ठेवला. फ्रॉइड स्वतः १८९६ च्या सुमारापर्यंत अधूनमधून कोकेन घेत असे. त्याला त्याचे व्यसन जडले नाही. सिगार मात्र त्याला कधीच सुटली नाही.

जे जाळले किंवा गाळले ते दुसऱ्या वाटेने परत येते, हे फ्रॉइडने पुढे जगाला सांगितले. त्याच्या बाबतीत ते परत आले स्वप्नांतून. २४ जुलै १८९५ च्या पहाटे पडलेल्या आणि इर्माचे स्वप्न म्हणून प्रसिद्ध झालेल्या स्वप्नाचे विश्लेषण हा त्याच्या स्वप्नमीमांसेचा पाया आहे. त्या स्वप्नात एका सहकाऱ्याने रुग्णेला अविचाराने टोचलेले औषध आहे आणि अस्वच्छ पिचकारी आहे. विश्लेषण करताना फ्रॉइडला आपला मृत मित्र आणि कोकेन यांची आठवण होते. आपण ते पोटात घेण्यासाठी सुचवले होते, मित्राने आपल्या मनाने टोचून घेतले, असे तो तेथे लिहितो. १८८५ चे छापील व्याख्यान याच्या विरुद्ध साक्ष देते. आणखी एक लहानशी गोष्ट अशी की, कोकेनची शिफारस आपण कोणत्या साली केली हे सांगताना त्या पानावर १८८४ ऐवजी १८८५ हे साल पडले आहे. इंग्रजी आवृत्तीच्या संपादकांनी ती मुद्रणातील चूक मानली. तथापि, चुका निरर्थक नसतात हे ज्याने शिकवले त्याच्या ग्रंथात, टोचण्याचा सल्ला देणाऱ्या निबंधाचेच साल उमटावे, याकडे पाठचिकित्सकाचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. १८९७ मध्ये प्राध्यापकपदासाठी फ्रॉइडने आपल्या शास्त्रीय लेखनाची सूची छापली होती, तीतही ‘कोकाविषयी’ आहे आणि १८८५ चे व्याख्यान नाही.

१८९८ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना विद्यापीठाच्या ओवऱ्यांत फ्लाइश्लच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या सुमारास फ्रॉइडला पडलेले आणखी एक स्वप्न त्याच ग्रंथात आहे. त्यात ब्र्युके यांची जुनी प्रयोगशाळा आणि तेथले मृत सहकारी पुन्हा हजर होतात. मित्रांच्या मागे आपण जिवंत उरलो, या जाणिवेतील समाधान आणि अपराध दोन्ही त्या विश्लेषणात त्याने मोकळेपणाने उलगडले आहेत. १८८७ च्या लेखात जी कबुली नाही तिच्या जवळपास तो येथे येतो, पण स्वप्नाच्या आडूनच. १९२५ च्या आत्मवृत्तात हा विषय पुन्हा निघतो, तेव्हा कोकेनच्या बधिरीकरणाचा शोध वाग्दत्त वधूच्या भेटीपायी हुकला, एवढीच हकिगत उरते. फ्लाइश्लचे नाव त्या हकिगतीत येत नाही.

हे सारे उघड झाले ते फ्रॉइडच्या मृत्यूनंतर. झीगफ्रीड बेर्नफेल्ड यांचा कोकेनविषयक निबंध आणि अर्नेस्ट जोन्स यांच्या चरित्राचा पहिला खंड ही दोन्ही १९५३ मधली. १९७४ मध्ये रॉबर्ट बिक यांनी कोकेनविषयक लेख एकत्र संपादित केले, आणि २०११ पासून मार्थाबरोबरचा पत्रव्यवहार मूळ जर्मनमध्ये खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. ज्याने चरित्रकारांची वाट बंद करण्यासाठी कागद जाळले, त्याने प्रेयसीची पत्रे मात्र जपून ठेवली होती. त्या पत्रांनीच चरित्रकारांना वाट दाखवली.

फ्रॉइडच्या अखेरीचा प्रसंग या कथेला जोडूनच पाहावा लागतो. १९२३ मध्ये त्याच्या जबड्यात कर्करोग आढळला. पुढील सोळा वर्षांत तिसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. विचारशक्ती मंद होऊ नये म्हणून वेदनाशामक द्रव्ये तो शक्यतो टाळी आणि बहुधा अॅस्पिरीनवरच भागवी. १९३८ मध्ये नाझी सत्तेमुळे व्हिएन्ना सोडून तो लंडनला आला. पुढच्या सप्टेंबरात, यातना निरर्थक झाल्यावर, त्याने आपले डॉक्टर मॅक्स शूर यांना पूर्वी दिलेल्या वचनाची आठवण करून दिली. शूर यांनी मॉर्फीन टोचले आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइडची जीवनयात्रा संपली. फ्लाइश्लच्या शरीरातून जे द्रव्य काढून टाकण्यासाठी त्याने तरुणपणी एवढा खटाटोप केला, त्यानेच शेवटी त्याला शांती दिली.

या पर्वाने फ्रॉइडच्या पुढील कार्याचे मोल कमी होते असे नाही, आणि त्या कार्यामुळे हे पर्व क्षम्य ठरते असेही नाही. तरुण फ्रॉइडचे मित्रप्रेम खरे होते; ज्या रात्री त्याने मित्राच्या उशाशी काढल्या त्या त्याला कोणी सक्तीने काढावयास लावल्या नव्हत्या. त्याची महत्त्वाकांक्षाही तितकीच खरी होती, आणि या दोहोंची गाठ पडली तेव्हा रोग्याची साक्ष त्याला ऐकू आली नाही. पुढे त्याने जी उपचारपद्धती घडवली तीत डॉक्टर कोणतेही द्रव्य देत नाही, दीर्घकाळ ऐकत राहतो. त्या बदलाला इतर कारणे पुष्कळ होती. तथापि, व्हिएन्नाच्या त्या खोलीत, जेथे रोगी बोलत आणि तो ऐके, तेथे भिंतीवर फ्लाइश्लचे चित्र अखेरपर्यंत टांगलेले होते.